सोपानकाकांचे त्र्याण्णव नग

बावीस वर्षं मी ‘नाही’ म्हणायचा पगार घेतला. क्वालिटीतल्या माणसाचं दुसरं काम तरी काय असतं? समोर जॉब, म्हणजे मशीनवर बनलेला भाग, येतो, तो मोजायचा, बरोबर असला तर शिक्का मारायचा आणि चुकला असला तर लाल रंग फासायचा. त्यात माझा स्वभाव तापट. घरचे म्हणतात, हिला मंडईत पाठवू नका, ही कोथिंबिरीची जुडीसुद्धा रिजेक्ट करून येते. खोटं नाही ते. चुकीच्या गोष्टीवर बरोबरचा शिक्का मारायचा म्हटलं की माझा हातच उचलत नाही.

आणि माझ्या याच हातानं भोसरीतल्या एका वर्कशॉपमधला मिलिंगचा कोपरा जवळजवळ बंद पाडला होता. त्या कोपऱ्यात सोपानकाका उभे असायचे. त्यांना मी घरी बसवायला निघाले होते, तेही एका शब्दानं. ते सगळं सांगायचंच आहे, पण आधी काका कोण होते ते सांगते, नाहीतर त्यात काय मोठं झालं असं वाटेल.

मिलिंग मशीन ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. वर दातांचं कटर गरगर फिरतं, खाली लोखंडी टेबल सरकतं, आणि टेबलावर बांधलेला जॉब त्या कटरखाली कापला जातो. सगळी मेख त्या बांधण्यात असते. जॉब केसाएवढा हलला तरी माप गेलं, आणि सुटलाच तर तो कुणाच्या तरी छातीत बसणार. चौकोनी ठोकळा असला तर वाइसमध्ये, म्हणजे स्क्रूनं आवळायच्या जबड्यात, धरता येतो. पण आमच्याकडं येणारे जॉब चौकोनी कुठले? एखादा तिरका, एखादा पोकळ, एखादा पत्र्यासारखा पातळ. ते धरायला लागणारे क्लॅम्प, टेकू, ठोकळे, पट्ट्या बाजारात मिळतात, छापील यादीत चित्रंसुद्धा असतात. काका ती यादी लग्नपत्रिका बघावी तशी बघायचे आणि बाजूला ठेवायचे. "बाजारचा क्लॅम्प बाजारच्या जॉबाला," म्हणायचे. आपल्या जॉबाला लागेल ती पकड ते स्वतः करायचे, तीही भंगारातून.

काका पुनावळ्याचे. मूळचे तिथलेच शेतकरी. आता तिथं टॉवर उभे राहिले, पुतण्यांच्या दारात मोठ्या गाड्या आल्या, आणि काकांच्या वाटणीला अकराव्या मजल्यावरचा एक ऐसपैस फ्लॅट आला. कामावर यायची काही गरज नव्हती. तरी रोज सकाळी जुन्या स्कूटरवरून भोसरीला हजर. डोक्यावरची टोपी खुंटीला, अंगात अर्ध्या बाह्यांचा निळा शर्ट. कडाक्याच्या थंडीतही पूर्ण बाही घालायचे नाहीत, कारण मशीन बाही धरून माणूस ओढतं. पुतण्या एकदा म्हणाला, काका, लोक नावं ठेवतात. काका म्हणाले, "ठिवू दे की. म्या काय त्यांच्या दारात मशीन लावलंय व्हय?"

मी त्या वर्कशॉपमध्ये लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात आमची जुंपली. जुंपली म्हणजे मी एकटीच भांडले. अॅल्युमिनियमची पातळ प्लेट होती. काकांनी मशीनवर दाखवली तेव्हा मापाच्या डायलची सुई ढिम्म हलत नव्हती. माझ्या ग्रॅनाइटच्या दगडावर ठेवून मोजली तर मधोमध पाच शतांश मिलिमीटर फुगलेली. मी लाल रंग फासला. बाकीचे ऑपरेटर असल्या वेळी माझा डायल खराब आहे, माझा दगड वाकडा आहे, शेवटी माझं डोकं वाकडं आहे इथपर्यंत येतात. मी तयारीतच होते. काका आले, रंग फासलेली प्लेट उचलली, कडेला डोळा लावून बघितली आणि म्हणाले, "व्हय ताई. फुगलीया."

"मग मशीनवर कशी बरोबर दिसली?" मी आवाज चढवूनच विचारलं.

"आवळली व्हती म्हनून. आवळल्यावर समदंच सरळ दिसतं. सोडल्यावर खरं कळतं." एवढं बोलून ते प्लेट घेऊन गेले. मी भांडायला कंबर कसून बसले होते, तो सगळा जोर वाया गेला.

दुसऱ्या दिवशी बघते तर काकांनी एक जाड ठोकळा घासून आरशासारखा सपाट केला होता आणि पातळ प्लेट त्याच्यावर दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपनं चिकटवली होती. आवळायचं कामच नाही. हलक्या हातानं कापलं, गरम करून प्लेट सोडवली, माझ्यासमोर आणून ठेवली. सुई हलली नाही. शिक्का मारताना मला अगदी आनंद झाला, पण मी चेहरा तसाच ठेवला. काकांनी तो ठोकळा फडताळात ठेवून त्याच्यावर खडूनं लिहिलं: पाळणा. त्यावर जॉब न आवळता निजतो म्हणून.

त्यांच्या फडताळात अशी सगळी नावांचीच माणसं होती. एक जड काटकोनी प्लेट होती, हलवायला दोघं लागायचे, एकदा बसली की भूकंपातही हलणार नाही. ती सासरेबुवा. एक क्लॅम्प होता, कामाला फार चांगला, पण दर वेळी त्याला खाली वॉशर हवा, वर पितळेची पट्टी हवी, नट हळू फिरवायला हवा. तो जावई. "जावयाचा मान ठिवला की काम गुमान करतो," म्हणायचे. पॅकिंगच्या लहानमोठ्या बारक्या तुकड्यांचा डबा म्हणजे भाचरं. नवीन इंजिनिअर पोरं कधी आली आणि काका त्यांना म्हणाले, "जावयाला घ्या अन् भाचरं आना," तर ती घाबरून माझ्याकडं बघायची.

जॉब बांधायची त्यांची एक रीत होती. आधी ब्रशनं टेबल झाडायचं, मग फडक्यानं पुसायचं आणि शेवटी उघडा तळहात टेबलावरून सावकाश फिरवायचा. फडक्याला कण कळत नाही, हाताला कळतो, असं त्यांचं म्हणणं. मग जॉब ठेवायचा, नट आवळायचे, आणि लाकडी हातोडीनं एक टिचकी मारून कान लावायचा. बसलेल्या जॉबचा आवाज वेगळा आणि अधांतरी जॉबचा वेगळा. मी पुष्कळ वेळा कान लावून बघितला. मला दोन्ही सारखेच ऐकू येतात, कबूल करते.

त्या तळहाताचं महत्त्व आम्हाला कळलं ते दसऱ्याला. आमचे मालक अनिलशेठ फार देवभोळे. खंडेनवमीला सगळी मशिनं धुऊनपुसून झेंडूच्या माळा घातल्या, हळदकुंकू झालं, नारळ फुटला. दसऱ्याच्या सकाळी मुहूर्ताचा पहिला जॉब शेठ स्वतःच्या हातानं बांधतात, ही त्यांची पद्धत. त्या वर्षी काकांच्या घरी पाहुणे होते, यायला तासभर उशीर झाला. शेठनी वाट न बघता अक्षता टाकल्या, ठोकळा वाइसमध्ये ठेवला, आवळला, मशीन चालू केलं. जॉब माझ्याकडं आला. मोजला तर चक्क तिरका. एका बाजूला जास्त कापलेला.

मी लाल रंगाची डबी उघडली तसे शेठ पांढरे पडले. "मॅडम, मुहूर्ताचा जॉब आहे. मुहूर्ताचा जॉब कुणी रिजेक्ट करतं का?"

"मुहूर्ताचा आहे म्हणून सरळ मोजू का?" मी म्हणाले. चांगल्या दिवशी तोंड कशाला उघडलं, असं मला नंतर वाटलं, पण तोवर बोलून झालं होतं. शेठचा चेहरा असा झाला की वर्षभर धंद्यात जे काही वाईट होईल ते सगळं माझ्या खाती जमा होणार.

तेवढ्यात काका आले. टोपी खुंटीला लावली, काय झालं ते ऐकून घेतलं आणि वाइस उघडून तळात बोट फिरवलं. बोटावर पिवळ्या पिठाची एक चपटी टिकली चिकटून आली. अक्षतेचा दाणा जॉबच्या खाली सापडून चेपला होता. काकांनी तो शेठपुढं धरला. "शेठ, देवाला पोचला हा तांदूळ. पन टेबलाला चालत न्हाई." सगळं वर्कशॉप हसलं. शेठही हसले. काकांनी तळहात फिरवला, दुसरा ठोकळा बांधला आणि मुहूर्ताचा जॉब पुन्हा झाला.

पुढच्या दसऱ्यापर्यंत काकांनी एक सागवानी पाट केला, टेबलाच्या खाचांत बरोबर बसेल असा. त्याला नाव देवाचा पाट. हळदकुंकू, तांदूळ, पेढे, काय घालायचं ते पाटावर घाला, टेबलाला हात लावायचा नाही. शेठ दर वर्षी त्या पाटालाच नमस्कार करू लागले.

भंगार वेचायची तर त्यांना खोडच होती. ट्रकच्या चाकावर धक्के झेलणाऱ्या कमानपाट्यावर त्यांचा विशेष जीव. ते पोलाद वाकत नाही, वाकलं तरी परत जागेवर येतं, क्लॅम्पला त्यासारखं दुसरं काही नाही. पुतण्याच्या लग्नाला मला आमंत्रण होतं. हायवेलगतचं मोठं लॉन, फेटेबिटे, ढोलताशा. अक्षता पडायची वेळ झाली आणि नवरदेवाचे काका कुठं दिसेनात. मला वाटलं तब्येत बिघडली की काय. शोधत बाहेर आले तर मंडपवाल्याच्या ट्रकखालून काकांचे दोन पाय दिसले. फेटा चाकाशेजारी काढून ठेवलेला. ट्रकचा एक पाटा तुटला होता आणि ड्रायव्हर तो बदलणार होता. काका खाली पडून त्याच्याशी बोलत होते, तुटका तुकडा मला दे म्हणून. मी वाकून म्हणाले, "काका, लग्न लागतंय."

"आलो आलो," आतून आवाज आला. "लगीन काय आपल्यावाचून लागतंया. ह्यो पाटा दुसरा कुनी नेईल."

मंगलाष्टका संपायच्या आत आले खरे, पण नवीन पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर ग्रीसचा हातभर डाग. काकू त्या दिवशी त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तुकडा मात्र मिळाला. त्याचे पुढे दोन क्लॅम्प झाले.

आता माझ्या त्या शब्दाचं सांगते. आमचं बरंचसं काम चाकणच्या एका मोठ्या कंपनीसाठी चालायचं. त्यांनी नवीन नियम काढला. जॉब धरायच्या प्रत्येक साधनाला नंबर हवा, माप हवं, कुणी बनवलं, कधी तपासलं याची नोंद हवी. नियम चुकीचा नव्हता. कुठंतरी तकलादू क्लॅम्प सुटून माणूस जायबंदी होतो, तेव्हा असे नियम येतात. त्यांचा माणूस तपासायला यायच्या आधी आम्ही स्वतःच एक अहवाल पाठवायचा होता. त्यात एक रकाना: नोंद नसलेली साधनं. लेथ विभागापुढं मी दोन लिहिली. ड्रिलिंगपुढं चार. मिलिंगपुढं काय लिहिणार? फडताळातल्या एकाही वस्तूला कागद नव्हता. मी लिहिलं: सर्व.

अहवाल गेला आणि आठ दिवसांत उत्तर आलं. तीन आठवड्यांत नोंदी पूर्ण करा, नाहीतर ही साधनं वापरायची नाहीत. शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते म्हणाले, "साधनं नाहीत तर जुनं मिलिंग कशावर चालवायचं? विकून टाकतो. मिलिंगचं काम बाहेर देऊ. काकांनाही आता किती दिवस उभं करायचं?" ते वाईट हेतूनं बोलत नव्हते. काकांना पगाराची फिकीर नव्हती, ते मला ठाऊक होतं. पण मशीन गेलं तर हा माणूस अकराव्या मजल्याच्या गॅलरीत बसून हायवेवरच्या गाड्या मोजणार, आणि त्याला तिथं मी बसवलेलं असणार.

मी तशीच काकांकडं गेले आणि काय लिहिलं ते सांगून टाकलं. ते नट आवळत होते. आवळून झाल्यावर म्हणाले, "खरं तेच लिवलं की."

"अहो पण मशीन विकतायत."

"तीन आठवडं हायेत न्हवं? मग लिवू नोंदी. तुमी मोजा, म्या सांगतो."

दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी जेवणानंतर काका ट्रॉलीवर दहाबारा वस्तू घालून माझ्या खोलीत आणायचे. मी मोजायची, ते नंबराचे ठसे ठोकायचे, मी बांधीव रजिस्टरात शाईनं लिहायची. नोंद म्हणजे नोंद. पान फाडायचं नाही, पांढरा रंग लावायचा नाही. एकूण नग भरले त्र्याण्णव. प्रत्येकाचं लोखंड कुठून आलं ते काकांना पाठ. हा मोडीत निघालेल्या प्रेसचा खांब, हा पुलाच्या कामावरचा उरलेला तुकडा, हा पुतण्याच्या बिल्डिंगच्या पायातून निघालेला. काही वस्तू मापात नव्हत्या. मी सांगितलं की ते हूं म्हणायचे, घेऊन जायचे, चारपाच दिवस कानशीनं आणि पॉलिशपेपरनं घासून परत आणायचे. सासरेबुवांचा काटकोन चार शतांशानं चुकलेला निघाला. इतकी वर्षं भरवशाचा माणूस म्हणून मिरवत होते, मी काकांना म्हणाले. काका म्हणाले, "सासरेच ते. कोन मोजाय गेलंय?" आठ दिवस घासून त्यांनी सासऱ्यांना सरळ केलं.

नावाच्या रकान्यात मी काकांनी ठेवलेलीच नावं लिहिली, जावई, पाळणा, सगळी. देवाचा पाट लिहावा की नाही यावर आमचं अर्धा तास चाललं. शेवटी लिहिला. आणि ‘बनवणार’ या रकान्यात त्र्याण्णव वेळा सुवाच्य अक्षरात सोपान बाळू दरेकर.

तपासणीच्या दोन दिवस आधी रजिस्टर पूर्ण झालं. मी ते काकांपुढं ठेवलं. त्यांनी हात साबणानं धुतले, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून एकेका ओळीवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून निघालेले जॉब कुठं कुठं गेले असतील, पण कुठल्या कागदावर त्यांचं नाव आलं नव्हतं. इथं ओळीओळीला होतं. मी मुद्दाम दुसरीकडं बघत बसले.

तिसऱ्या पानावर बोट थांबलं. "ताई, हे चुकलंय."

"काय चुकलंय?" माझ्या रजिस्टरात चूक आहे असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतंच.

"एकेचाळीस. वाकडा क्लॅम्प. ह्यो म्या न्हाई केला. रघुनाथनं केलाय."

रघुनाथ कोण ते मला तेव्हा कळलं. मी लागायच्या आधी त्याच मशीनवर दुसऱ्या शिफ्टला रघुनाथ कदम होते, कोकणातले, चिपळूणच्या बाजूचे. एकाच मशीनवर दोघांनी सोळा वर्षं काढली आणि भेट रोज दहा मिनिटांची, शिफ्ट बदलताना. बाकीचं बोलणं खडूनं. मशीनच्या पत्र्यावर एकानं लिहायचं, दुसऱ्यानं पुसून खाली उत्तर लिहायचं. एकदा एक पोकळ जॉब काकांना आठ दिवस धरता येईना, सरळ क्लॅम्प कटरला आडवा यायचा. नवव्या दिवशी सकाळी टेबलावर कमानपाटा तापवून कोपरासारखा वाकवलेला हा क्लॅम्प ठेवलेला आणि पत्र्यावर खडूनं: वापरून बघ.

"छान आहे हो," मी म्हणाले, "पण आता खाडाखोड करायची नाही. तपासणीत पहिल्यांदा तेच डोळ्यात भरतं. त्र्याण्णवातला एक तुमच्या नावावर गेला तर काय आभाळ कोसळणार आहे?"

काकांनी चष्मा काढला. "ताई, पाच शतांशासाठी तुमी माजी प्लेट लाल केली व्हती. म्या काय बोललो?"

मी म्हणाले, "या एका ओळीपायी मशीन गेलं तर?"

"जाऊ द्या. पन खोटं लिवून ऱ्हायलेलं मशीन मला चालवाय न्हाई व्हायचं."

मी पेन घेतलं. सोपान बाळू दरेकर यावर सरळ एक रेघ मारली, वर रघुनाथ कदम लिहिलं आणि शेजारी सही केली.

तपासायला आलेला माणूस तिशीतला, शांत, हसरा, आणि त्यामुळेच मला त्याची जास्त भीती वाटली. त्यानं रजिस्टर उघडलं, जावई वाचून माझ्याकडं बघितलं, सासरेबुवा वाचून काकांकडं बघितलं. मग मनाला येईल ते तीन नग मोजायला काढले. तिन्ही मापात निघाले. काका हात मागं बांधून उभे होते. मग त्यानं पान उलटलं आणि रेघेवर थांबला. "ही खाडाखोड कशाबद्दल?"

मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "करणाराचं नाव चुकलं व्हतं, सायेब."

"माप बदललंय का?"

"न्हाई. माप बरुबर हाय. मानूस चुकला व्हता."

"मग आम्हाला काही फरक पडत नाही," तो म्हणाला.

"तुमाला न्हाई पडत," काका म्हणाले. "त्याला पडंल."

मग त्यानं अहवालात लिहिलं: एक दुरुस्ती, सहीसह, मान्य. शेठनी सगळ्यांना पेढे वाटले. मशीन राहिलं, काका राहिले, आणि मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कुणावरही ओरडले नाही. याची आमच्याकडं बरेच दिवस चर्चा होती.

पुढं दीडएक वर्ष काका कामावर होते. मग गुडघे ऐकेनात. सात तास उभं राहवत नाही म्हणाले आणि त्यांनीच आपण होऊन दिवाळीआधीचा शनिवार ठरवला. शाल, श्रीफळ, फोटो, सगळं झालं. निघायच्या वेळी ते माझ्या खोलीत आले आणि दारात घुटमळले. "ताई, एक वस्तू मागू का? एकेचाळीस नंबर. चार दिवसांनी परत देतो."

मला वाईट वाटलं. रजिस्टर होण्याआधी त्या फडताळातलं काहीही त्यांनी खिशात घालून नेलं असतं तरी कुणी विचारलं नसतं. मी नोंदी केल्या आणि त्यांच्याच फडताळातल्या वस्तूसाठी त्यांना माझ्या दारात उभं राहावं लागलं. "कुठं न्यायची आहे?" मी विचारलं.

"रघूकडं. नाव लिवलं तवा त्याला फोन केला व्हता. गावी असतो. म्हनलं, रजिस्टरात नाव लागलं तुजं. लई खूश झाला."

"मग क्लॅम्प कशाला ओझं नेता? थांबा, त्या पानाची झेरॉक्स देते. नाव दिसेल त्यांना." मी उठलेसुद्धा.

"कागद त्याला दिसायचा न्हाई," काका म्हणाले. "साखरेनं डोळं गेल्यात त्याचं. हातात दिला की वळखंल."

मी परत खाली बसले. गेटपासचं पुस्तक ओढलं. वस्तू: वाकडा क्लॅम्प, नग एक. नेणार: सोपान बाळू दरेकर. कारणाच्या रकान्यात मी सवयीनं लिहायला घेतलं, दुरुस्तीसाठी. त्यावर कुणी काही विचारत नाही. काकांनी टेबलावर वाकून वाचलं.

"दुरुस्ती कशाची? त्यात काय खोट हाय?"

"मग काय लिहू, काका?"

त्यांनी थोडा विचार केला. "लिवा, करणाराला दाखवाय."

मी तेच लिहिलं. माझ्या चांगल्या अक्षरात, एकही शब्द न बदलता.

गेटपर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले. वॉचमन नवीन होता, कामाला चोख. त्यानं पास वाचला, पिशवीतून क्लॅम्प काढून नंबर ताडून बघितला, परत पिशवीत ठेवला. काकांनी पिशवी स्कूटरला अडकवली आणि टोपी सारखी केली. वॉचमन पास घेऊन माझ्याकडं आला.

"मॅडम, परत यायची तारीख लिहायची राहिली."

रकाना रिकामा राहिला म्हणून मी आजवर किती कागद लोकांच्या तोंडावर परत फेकलेत त्याची गणती नाही. "राहू दे," मी म्हणाले. "सोड त्यांना."

त्यानं गेट उघडलं आणि काका गेले.